सव्वा महिन्याची खोली आणि लेकराची छाती

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक वाक्य दिवसातून आठ-दहा वेळा तरी ऐकू येतं. "ताई, पोऱ्यानी छाती वाजी ऱ्हायनी, मागच्या टाइमचं ते गुलाबी औषध द्या ना." कडेवर सात-आठ महिन्यांचं लेकरू, कानटोपी, स्वेटर, वरून शाल, आणि त्या सगळ्याच्या आतून येणारा तो बारीक शिट्टीसारखा आवाज. मी औषधाला हात लावायच्या आधी विचारते, घरात चूल पेटते का, बिडी-सिगारेट कोण ओढतं, बाळंतपणात शेगडी किती दिवस होती. ती बाई माझ्याकडे बघतच राहते, खोकल्याचं औषध मागितलं तर ही बाळंतपणाचं काय काढून बसली.

काउंटरवर गर्दीत हे समजावून सांगता येत नाही, मागे चार माणसं उभी असतात, म्हणून आज बसून सगळं लिहिते. मी डी फार्म केलंय, जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे, आणि माझा स्वतःचा मुलगा पाच महिन्यांचा असताना हेच सगळं माझ्या घरात झालंय. त्यामुळे पुस्तकातलं आणि घरातलं दोन्ही सांगते.

आधी छातीच्या आत काय असतं ते बघू. आपल्या खान्देशात ठिबक सिंचन कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मेनलाइन, तिच्यातून सबमेन, सबमेनवरून बारीक लॅटरल आणि शेवटी थेंब सोडणारा ड्रिपर. छातीतली बांधणी अगदी तशीच आहे. घशातून खाली येते ती मोठी नळी म्हणजे मेनलाइन, तिला दोन फाटे, मग प्रत्येकाला परत दोन, असं करत करत वीसपेक्षा जास्त वेळा फाटे फुटतात आणि टोकाला हवेचे अगदी बारीक फुगे, तिथं ऑक्सिजन रक्तात उतरतो. आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट अशी की ही सगळी लाइन एकाच दिवशी टाकली जात नाही. हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांचे फाटे आईच्या पोटात साधारण १६-१७ व्या आठवड्यापर्यंत पाडून झालेले असतात. म्हणजे चौथा महिना सरता सरता, अजून डोहाळजेवणही व्हायचं असतं, पुष्कळ जणींचा तर तोवर सरकारी दवाखान्यात कार्डही निघालेलं नसतं. आणि ड्रिपर म्हणजे ते हवेचे फुगे, ते जन्माच्या वेळी दोन ते पाच कोटी असतात, मोठ्या माणसात तीस ते पन्नास कोटी. बाकीचे सगळे जन्मानंतर तयार होतात आणि त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत.

शेतात लॅटरल चोक झाली तर आपण आम्ल सोडतो, फ्लश करतो, नाहीच जमलं तर पुढच्या हंगामात नवीन नळी अंथरतो. छातीत तसं होत नाही. मेनलाइन-सबमेन एकदाच टाकायची, नळ्या अंगाबरोबर मोठ्या होतात पण नवीन फाटे फुटत नाहीत, त्याच बांधणीवर पुढची सत्तर-ऐंशी वर्षं काढायची. म्हणून ज्या दिवसांत हे काम चालू असतं त्या दिवसांत आत काय जातंय याला एवढा भाव आहे.

आता दमा म्हणजे नेमकं काय. नळीच्या आतलं अस्तर सुजतं, नळीभोवतीचा स्नायू आवळतो आणि आत चिकट कफ साचतो, तिन्ही एकदम. शिवाय दम्याची नळी हळवी असते, दुसऱ्याला ज्या धुळीने नुसती शिंक येईल तिने हिची नळी आवळते. मोठ्या माणसाला नळी थोडी सुजली तर दोन जिने चढताना कळतं, लेकराची नळी मुळातच इतकी बारीक की थोड्या सुजेत पंचाईत होते. नळीची रुंदी निम्मी झाली की त्यातून तेवढीच हवा ढकलायला दुप्पट नाही, सोळा पट जोर लागतो. सोळा पट. म्हणून त्या एवढ्याशा जिवाचं पोट उडतं. आणि नवजात बाळ मिनिटाला चाळीसच्या आसपास श्वास घेतं, आपण पंधरा-सोळा, म्हणजे एकाच खोलीत आई आणि बाळ बसले असतील तर वजनाच्या मानाने धूर बाळाच्या वाट्याला कितीतरी जास्त येतो.

पण छाती वाजली म्हणजे दमाच, असं नाही हं. हे मी मुद्दाम लिहिते कारण दमा शब्द ऐकला की घरात रडारड होते आणि मुलगी असेल तर लगेच तिच्या लग्नापर्यंत विषय जातो. अमेरिकेत टक्सन नावाचं शहर आहे, तिथं १९८० पासून हजारावर नवजात बाळांची नोंद करून त्यांना वर्षानुवर्षं तपासलं. १९९५ मध्ये त्यातल्या ८२६ मुलांचा सहा वर्षांपर्यंतचा हिशेब छापला गेला. निम्म्या मुलांची छाती कधी वाजलीच नाही. साधारण वीस टक्के मुलांची पहिल्या तीन वर्षांत वाजली आणि मग थांबली. चौदा टक्क्यांच्या आसपास मुलांची लहानपणीही वाजली आणि सहाव्या वर्षीही चालूच होती, आणि राहिलेल्यांची उशिरा सुरू झाली. यात एक गोष्ट मला फार लागली. जी मुलं फक्त सुरुवातीला वाजली त्यांच्या फुप्फुसाची ताकद काही महिन्यांची असतानाच, एकही मोठं आजारपण यायच्या आधी, कमी भरली होती, आणि त्यांच्यात सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं जास्त होती. म्हणजे आधी सर्दी-खोकला झाला आणि मग छाती बारीक झाली असं नव्हतं. छाती बारीक घेऊनच ती जन्माला आली होती.

आपल्याकडे बाया कुठं सिगारेट ओढतात, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, पण मिसरी? काही ठिकाणी मशेरी म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी उठल्यावर, जेवण झाल्यावर, कधी कधी दिवसातून चार-पाच वेळा दाताला लावायची. लावणाऱ्या बाईला ते व्यसन वाटतच नाही, ती म्हणते दात घासते. मिसरीतलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, रक्तातून वारेतून बाळाकडे. गाभण माकडिणींना नुसतं निकोटिन देऊन प्रयोग झालेत, धूर नाही काही नाही, तरी पिल्लांच्या फुप्फुसांची घडण बदललेली सापडली. त्यामुळे धूर नाही म्हणजे त्रास नाही हा हिशेब चुकतो. शिवाय गरोदरपणात तंबाखू लावणाऱ्या-खाणाऱ्या बाईचं बाळ वजनाला कमी भरायची शक्यता वाढते. डेव्हिड बार्कर म्हणून इंग्लंडचे डॉक्टर होते, त्यांनी १९९१ मध्ये हर्टफर्डशायर भागातल्या म्हाताऱ्या पुरुषांच्या जन्माच्या जुन्या नोंदी काढून तपासल्या, तर ज्यांचं जन्माचं वजन कमी होतं त्यांच्या फुप्फुसाची ताकद साठीतही कमी निघाली. साठ वर्षांनी! आपल्याकडे राज्यात २०१२ ला गुटख्यावर बंदी आली, चांगलं झालं, पण मिसरी घरच्या तव्यावर भाजली जाते, तिथं कोणता अधिकारी येणार.

आणि बाप पण यात आहेत बरं का, सगळं बाईवर ढकलू नका. भाऊ म्हणतात मी ओट्यावर जाऊन ओढतो, घरात नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते ना, पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजतात, घरी येऊन झोपलो तरी दुसऱ्या दिवशी स्वेटरला, केसाला तो वास असतो. भरताचा वास छान वाटतो म्हणून आपण बोलत नाही, पण त्यावरून एवढं तर कळतं की धूर विझला तरी कापडावर बसलेला असतो. बिडीचंही तसंच, ओट्यावर ओढून आत आलेला बाप लेकराला छातीशी धरतो तेव्हा त्याच्या शर्टावरचं, बोटांवरचं, मिशीवरचं सगळं लेकराच्या नाकाशी येतं. नॉर्वेत बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तर सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांत काही जनुकांवर रासायनिक खुणा बदललेल्या दिसल्या. जनुक तेच, पण त्याचं बटण कुठं चालू कुठं बंद, त्यात फरक. आणि युरोपातल्याच एका अभ्यासात असं दिसलं की ज्या बापांनी वयाच्या १५ वर्षांच्या आत सिगारेट धरली त्यांच्या मुलांत दम्याचं प्रमाण जास्त, जरी मूल व्हायच्या कितीतरी आधी सोडली असली तरी. टपरीवर उभ्या असलेल्या नववीच्या पोरांना बघितलं की मला हेच आठवतं.

आता माझ्या घरचं सांगते, कारण हे लिहिण्यामागचं कारण तेच आहे.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. डिसेंबर होता, आमच्याकडे उन्हाळा पंचेचाळीसच्या वर जातो पण डिसेंबरची थंडीही हाडात शिरते. मागच्या खोलीत बाज टाकली, एकच खिडकी, तिच्यात आईने जुनं लुगडं कोंबलं, वारं लागायला नको म्हणून. बाजेखाली शेगडी, तिच्यात गोवऱ्यांचे निखारे, सकाळ-संध्याकाळ शेक. रोज दहा वाजता न्हाऊ घालणाऱ्या आजी यायच्या. लेकराला पायावर घेऊन तेल, कढत पाणी, आणि मग धुरी. मातीच्या परातीत निखारे, त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणाची सालं, चिमूटभर धूप. निखाऱ्यावर ओवा टाकला की तडतड आवाज येतो आणि पांढरा दाट धूर सरळ वर चढतो. आजी लेकराला दोन्ही हातावर आडवं धरून त्या धुरावरून फिरवायच्या, पोट, पाठ, डोकं. तो शिंकायचा, डोळे घट्ट मिटायचा, चेहरा लालबुंद. आजी म्हणायच्या, बघ कशी सर्दी निघून चालली. मग दार लावून घ्यायचे आणि आम्ही दोघं त्या धुरात झोपायचो. मी फार्मसी शिकलेली. मला डोळे चुरचुरायचे, घसा खवखवायचा, तरी मी एक शब्द बोलले नाही, कारण आईचा चेहरा. तिने ती गोवरी महिनाभर आधी थापून, वाळवून, खास बाजूला ठेवली होती. बाळंतशेपा, ओवा तिने स्वतः निवडून ठेवला होता. त्या खोलीत जेवढा धूर होता तेवढीच माया होती, आणि मायेला नको म्हणायचं कसं हे मला तेव्हा कळलं नाही.

शिंक म्हणजे सर्दी निघणं नाही, नाक त्या धुराला बाहेर ढकलत असतं. पण नाकाला मोठेच कण अडवता येतात. गोवरी-लाकडाच्या धुरात जे अतिबारीक कण असतात, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते आपल्या केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाएवढे, ते नाक चुकवून थेट शेवटच्या ड्रिपरपर्यंत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलंय की वर्षाची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नको, आपल्या देशाची मर्यादा ४० आहे, आणि चूल पेटलेल्या बंद खोलीत हा आकडा शेकड्यांत जातो. वर निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, त्याला ना वास ना रंग, बंद खोलीत रात्रभर शेगडी ठेवून माणसं झोपेतच गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. एक अजून, तेलाचे थेंब नाकात घालायची पद्धत. ते तेल श्वासाबरोबर खाली उतरलं तर फुप्फुसात तेलाचा न्यूमोनिया होतो, हे अगदी नक्की माहीत असलेलं आहे, तेवढं तर आजपासून बंद करा.

माझा मुलगा पाच महिन्यांचा असताना एका रात्री दोन वाजता त्याची छाती वाजायला लागली, दूध ओढेना, बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. दवाखान्यात नेलं, मशीनने वाफ दिली, ऑक्सिजन लावला, तीन दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी आई डबा घेऊन आली, डॉक्टर राउंडला येऊन गेल्यावर तिने हळूच विचारलं, "माझ्या धुरीने झालं का गं हे?"

याचं खरं उत्तर काय ते नीट सांगते, कारण हीच गोष्ट लोकांना समजत नाही. त्या रात्रीचं कारण विषाणू होता. पण तोच विषाणू शेजारच्या तीन लेकरांना झाला, त्यांचं नाक वाहिलं आणि बरी झाली. एका पोराकडे बोट दाखवून हे धुरीमुळेच झालं असं कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. कापसाचं बघा ना. कृषी खातं दरवर्षी सांगतं फरदड ठेवू नका, डिसेंबरनंतर कापूस उभा राहिला की गुलाबी बोंडअळीची साखळी तुटत नाही. आता माझ्या शेतातल्या एका बोंडातली अळी अमक्याच्या फरदडीतूनच आली असं सांगता येईल का? नाही. पण ज्या गावात सगळे फरदड ठेवतात त्या गावात पुढच्या वर्षी अळी जास्त असते, हे सांगता येतं. धुराचं अगदी तसंच आहे. हजार लेकरं धुरात वाढली आणि हजार बिनधुरात, तर पहिल्या हजारात छाती वाजणारी जास्त निघतात. तुमचं लेकरू कोणत्या बाजूला पडेल ते कोणी आधी सांगू शकत नाही. घरात आजी-आईला दमा असेल, बाळ दिवस भरायच्या आधी झालं असेल, वजन कमी असेल तर त्याच्यावर धुराचा भार अजून जड पडतो. मी आईला एवढंच म्हटलं की तुझ्यामुळे नाही झालं, पण पुढच्या वेळी शेगडी नको.

चुलीचं बोलायचं तर उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात आली, आमच्याकडे गावोगावी सिलिंडर पोचले, पण घरात सिलिंडर आहे म्हणजे चूल बंद असं समजू नका. चहा गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर नाहीतर बंबात, कारण कापूस संपला की पऱ्हाट्या, तुराट्या फुकट पडलेल्या असतात आणि सिलिंडर फुकट भरत नाही. यात बाईला दोष देण्यासारखं मला काही दिसत नाही. अभ्यासही सरळ सांगत नाहीत. ग्वाटेमाला देशात घरोघरी धुराड्याची चूल बांधून दिली तर लेकरांच्या अंगात जाणारा धूर जवळपास निम्मा झाला आणि गंभीर न्यूमोनिया साधारण एक तृतीयांशाने कमी दिसला. नंतर चार देशांत, त्यात आपलं तमिळनाडूही होतं, ३२०० गरोदर बायांना घेऊन मोठा प्रयोग झाला, निम्म्या घरांत गॅस दिला, धूर खूप कमी झाला, पण बाळांच्या वजनात किंवा गंभीर न्यूमोनियात अपेक्षित फरक सापडला नाही. त्या बाया गरोदरपणाच्या नवव्या ते विसाव्या आठवड्यात प्रयोगात आल्या होत्या, म्हणजे पुष्कळ जणींच्या बाळाची मेनलाइन तोवर बरीच पडून गेलेली, असं माझं मन म्हणतं, पण तो माझा अंदाज झाला. म्हणून गॅस घेतला की झालं असं मी सांगत नाही. पण चुलीपाशी बसताना लेकरू मांडीवर नको, एवढं पैसे न लागता होतं. बंब मागच्या अंगणात, लेकराची झोळी पुढच्या खोलीत.

मच्छर कॉइलबद्दल तर मी रोज भांडते. २००३ मध्ये मोजमाप झालंय, एक कॉइल पूर्ण जळाली की त्यातून ७५ ते १३७ सिगारेटींएवढे बारीक कण निघतात. आम्ही दुकानात कॉइल विकतो, ठेवावी लागते, पण कडेवर लेकरू दिसलं की मी मच्छरदाणी दाखवते, पाळण्यावर टाकायची छोटी मिळते, एकदाच पैसे जातात.

फवारणीचं आपल्याकडे फार सहज घेतात. कॅलिफोर्नियात सलिनास म्हणून शेतीचं खोरं आहे, भाजीपाला पिकतो, मेक्सिकोहून आलेले मजूर काम करतात. तिथं गरोदर मजूर बायांना १९९९-२००० पासून धरून त्यांच्या मुलांची तपासणी चालू ठेवली, तर ज्या मुलांच्या लघवीत लहानपणी ऑर्गनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले त्यांना पाचव्या-सातव्या वर्षी दम्यासारखी लक्षणं जास्त दिसली. आपल्या घरात काय होतं, फवारणी करून आलेला माणूस तसाच आत येतो, लेकरू "बाबा" करत पायाला मिठी मारतं. पंप बाजेखाली, औषधाची अर्धी बाटली कोनाड्यात, फवारणीचे कपडे लेकराच्या दुपट्यांबरोबर एकाच टपात. आधी आंघोळ, मग लेकरू, एवढा एक नियम घरात लावला तरी खूप झालं. आणि गरोदर बाईला फवारणीच्या दिवशी शेतात पाठवू नका, पाणी भरून द्यायलाही नको.

हे सगळं वाचून कोणी घाबरून गोठा दूर हलवायला निघू नका! गंमत अशी की गोठ्याची धूळ आणि चुलीचा धूर ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. अमेरिकेत अमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत, दोघं मूळ युरोपातून आलेले, खाणंपिणं, राहणी सारखीच. अमिश लोकांचा गोठा घराला लागून आणि शेती घोड्यांवर, हटराइट लोकांची मोठी यांत्रिक शेती, जनावरं घरापासून लांब. २०१६ मध्ये तुलना छापली गेली, अमिश शाळकरी मुलांत दमा पाच टक्क्यांच्या आसपास, हटराइट मुलांत एकवीस. अमिश घरांच्या धुळीत जनावरांच्या जंतूंचे अंश जवळपास सातपट होते आणि त्या जंतूंनी लेकरांच्या शरीराला लहानपणीच शहाणं केलं असावं असं संशोधक मानतात. तेव्हा वासराच्या अंगावर लोळणारं पोरगं बघून ओरडू नका. फक्त ज्याला आधीच दमा आहे त्याला कडब्याची, भुशाची धूळ त्रास देऊ शकते, तिथं सांभाळा.

घराबाहेरचं आपल्या एकट्याच्या हातात नाही. २०१९ मध्ये केंद्राने हवा सुधारायचा कार्यक्रम काढला, त्यातल्या ठरलेल्या मर्यादेत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत आपलं जळगाव आहे. पण एक बातमी मला फार धीर देते. कॅलिफोर्नियातच १९९३ पासून वेगवेगळ्या गावांतल्या मुलांच्या छात्या मोजत आलेत, हवा घाण होती तेव्हा मुलांच्या फुप्फुसांची वाढ कमी भरायची, नंतर नियम कडक झाले, हवा सुधारली आणि पुढच्या पिढीच्या मुलांची फुप्फुसं जास्त वाढली, नवीन दम्याचे पेशंटही कमी झाले. पऱ्हाट्या बांधावर पेटवायच्या ऐवजी कुट्टी करून जमिनीत घातल्या तर त्याचा फायदा आपल्याच पोरांच्या छातीला मिळतो, कुठं परदेशात नाही.

आता ज्यांच्या लेकराला डॉक्टरांनी दम्याचा पंप, म्हणजे इन्हेलर, लिहून दिलाय त्यांच्यासाठी. "पंपाची सवय लागते, सिरपच द्या" हे मी रोज ऐकते. साल्ब्युटामॉल म्हणजे आवळलेली नळी सैल करणारं औषध, त्याच्या सिरपच्या एका चमच्यात, म्हणजे पाच मिलीत, दोन मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात शंभर मायक्रोग्रॅम. हिशेब करा, एक चमचा बरोबर वीस दाब. सिरप पोटातून सगळ्या अंगात फिरतं, म्हणून लेकराचे हात थरथरतात, छाती धडधडते, पंपाचं औषध जिथं हवं तिथं थेट जातं. लहान लेकराला पंप नुसता तोंडात दाबून काही होत नाही, स्पेसर नावाची नळकांडी आणि मास्क लागतो, नीट कसा धरायचा ते आमच्यासारख्या मेडिकलवाल्याला विचारा, दाखवून देणं आमचं कामच आहे. आणि बरं वाटलं म्हणून रोजचा स्टेरॉइडचा पंप मनाने बंद करू नका. जगात दम्याने जेवढे मृत्यू होतात त्यातले चाळीस टक्क्यांहून जास्त आपल्या देशात होतात, आणि त्यात हे अर्धवट सोडलेले पंप आहेत. पाच वर्षांच्या आत फुंकायची तपासणी नीट होत नाही म्हणून डॉक्टर लगेच दमा शब्द वापरत नाहीत, तो त्यांचा गोंधळ नसतो.

मागच्या मार्गशीर्षात भावजयीचं बाळंतपण झालं, त्याच घरात, त्याच खोलीत. आईने या वेळी खिडकीतलं लुगडं स्वतःच्या हाताने काढलं, वरची झडप उघडी ठेवली. उबेसाठी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे बाळाला भावजयीच्या उघड्या छातीशी ठेवून वरून गोधडी, कांगारूसारखं, ही पद्धत १९७८ च्या सुमाराला कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली कारण तिथं काचेच्या पेट्या कमी होत्या. मालीश झालं, कढत पाणी झालं, सव्वा महिना बाहेरचं कोणी आत आलं नाही, हे सगळं आईचं चांगलंच होतं आणि ते तसंच ठेवलं. न्हाऊ घालणाऱ्या आजींनी पहिल्या दिवशी विचारलं, धुरी कुठंय? आई म्हणाली, शेगडी अंगणात आहे, तुम्ही तिथं हात शेकून घ्या.

मी तिला एक मोजायला शिकवलंय, ते तुम्हीपण शिका. लेकरू शांत झोपलेलं असताना अंगावरचं कापड बाजूला करून, मोबाइलवर पूर्ण एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, वर्षाच्या आत पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांच्या आत चाळीस किंवा जास्त भरलं, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, दूध ओढत नाही, ओठ निळे दिसतायत, तर सकाळची वाट बघायची नाही, गाडी नसेल तर १०८ ला फोन. आईने हे आकडे स्वयंपाकघराच्या दारामागे कोळशाने लिहून ठेवलेत, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी.